चार बोटांचं दार

“जाळं विणू बाई, जाळ्याला दार ठेवू,
धाकल्या मासोळीला माहेराला जाऊ देऊ.”

निवृत्तीच्या कानात हा आवाज लहानपणापासून होता. गोदेच्या काठी त्याची सखुआत्या गुडघ्यावर सूत ताणून जाळं विणायची आणि गायची. जाळ्याचं प्रत्येक घर विणून झालं, की त्यात चार बोटं घालून बघायची. बोटं गेली तर पिल्लंही जातील, हा तिचा कायदा.

पुढं नाशकाच्या वरच्या अंगाला धरण झालं आणि सरकारनंही तोच कायदा केला. चार बोटांहून बारीक घराचं जाळं दिसलं, की जप्त करायचं आणि काठावर जाळायचं. त्यासाठी निवृत्तीला राखणदार नेमलं. खाकी सदरा, शिट्टी आणि जाळं तपासायचं लाकडी माप मिळालं. नोकरी मात्र हंगामी.

माप पहिल्याच पावसाळ्यात होडीतून पाण्यात पडलं. लाकडाचं असून बुडालं कसं, हे निवृत्तीला कधी कळलं नाही. वरती कळवावं तर नोकरी जायची. तो घरी आला, बायकोच्या फडताळातली पितळी बांगडी उचलली, तिला तांबडा रंग फासला, वर पांढऱ्या अक्षरात ‘सरकारी’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत म्हणाला, “नवं माप आलंय. हे कडं घरातून पार गेलं पाहिजे!”

त्याची बायको चांगुणा मेथीच्या जुड्या डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी, हाडापेरानं भक्कम. बांगडीही तशीच ऐसपैस. चार बोटांची जाळी तिच्यात धडाधड नापास झाली. लोकांनी शिव्या दिल्या आणि मोठ्या घरांची जाळी विणली. इकडं घरी चांगुणानं बांगडीचा आळ नणंदेवर घेतला आणि चार वर्षं तिच्याशी अबोला धरला. निवृत्ती दोघींच्या मधे बसून खाली मान घालून जेवायचा.

धरणातले मासे मात्र बाळसं धरल्यासारखे वाढले.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात मासेमारी खात्याचे नवे देवरेसाहेब जीप घेऊन आले ते त्यासाठीच. “जिल्ह्यात असा मासा नाही, निवृत्ती! तुमच्या कायम नोकरीचा हुकूम बॅगेत आहे. आज एक जप्त जाळं जाळू, लोकांना कायदा दिसू दे, मग हुकूम देतो.”

जप्त जाळं एकच होतं. सखुआत्याचं. चार वर्षं ती सटाण्याला लेकीकडं होती. परवा परतली आणि तिकडंच हिवाळाभर बसून विणलेलं जाळं पाण्यात टाकलं. कडं अडकलं.

“काय रं भाच्या,” ती काठावर फतकल मारून म्हणाली, “माझी बोटं सरकारच्या आधीची हायेत. ही बघ, जातात का नाय?”

साहेबांनी कडं मागून घेतलं, उलटंसुलटं केलं. त्यांनी आजवर मापं फक्त परिपत्रकात पाहिली होती. “यंदा गोल आलंय वाटतं,” ते गंभीरपणे म्हणाले. “आजी, माप ते माप. ओता रे रॉकेल.”

तेवढ्यात चांगुणा साहेबांसाठी भाकरी घेऊन आली. कड्याकडं बघून थबकली. रंगाचा एक टवका उडाला होता आणि खालून पितळ चकाकत होतं. तिचे डोळे बारीक झाले.

सखुआत्यानं ना हात जोडले, ना आरडाओरडा केला. जाळ्याचं एक टोक मांडीवर घेऊन, लेकराला थोपटावं तसं थोपटत ती गाऊ लागली,

“जाळं विणलं बाई, चार बोटांचं दार,
भाच्याच्या हाती आलं लाल कड्याचं सरकार.”

काठावर जमलेल्या बायका पदराआड हसल्या. निवृत्तीला हसू येईना. काडेपेटी त्याच्याच हातात दिली होती. एकीकडं बॅगेतला हुकूम, दुसरीकडं मांडीवरचं जाळं. त्यानं काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढली, तीही त्यानंच फुंकली.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

“वारा हाय, साहेब.”

“पान हलेना, आन् म्हणं वारा!” आत्या म्हणाली.

निवृत्तीनं काडेपेटी खाली टाकली. डोक्यावरची टोपी काढून साहेबांच्या पायाशी ठेवली.

“साहेब, आत्याचं जाळं कायद्यात बसतंय. माझंच माप खोटं हाय. खरं माप पहिल्याच पावसाळ्यात मी धरणात घालवलं. हुकूम ठेवा तुमच्यापाशी, पण जाळं नका जाळू.” मग तो वळला. साहेबांपुढं कापला नव्हता तेवढा आता कापत होता. “आन् चांगुणा... बांगडी बहिणीनं नेली नव्हती गं. ही बघ, मी नेली.”