लुखीचे एकशे वीस सेकंद

मित्रांनो, रांचीतल्या एका मानसशास्त्र विभागाच्या कपाटात, खालच्या खणात, डिंकाच्या बाटलीशेजारी माझा मुक्काम आहे. मी एक जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे. डिंक केव्हाच वाळला. माझं त्या मानाने बरं आहे.

जन्माबद्दल मला एवढंच आठवतं, की जन्मल्या जन्मल्या एका माणसाने माझं डोकं चाळीस वेळा दाबून पाहिलं आणि मला पास केलं. तुमच्याही परीक्षा झाल्या असतील, पण इतक्या लवकर नसतील. विभागात आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. कॅन्टीनचे रामजतनकाका अंडी उकडायला मला मागून न्यायचे. त्या वर्षांत विभागातलं एकही अंडं कच्चं राहिलं नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

माझं खरं काम मात्र ठोकळ्यांचं. मुलासमोर एक नक्षीचं कार्ड ठेवायचं, नऊ लाल-पांढरे ठोकळे द्यायचे आणि सांगायचं, “अशीच नक्षी कर. झालं की सांग.” मग माझं डोकं दाबायचं. मूल ‘झालं’ म्हणालं की परत दाबायचं. एकशे वीस सेकंदांत ‘झालं’ आलं नाही तर शून्य. नवातला एक ठोकळा पूर्वी हरवला होता. रामजतनकाकांनी बाजेच्या पायातून दुसरा कापून दिला. तो जरा जाड होता, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांचीच नक्षी किंचित तिरकी व्हायची. अहवालात हे कुणी लिहिलं नाही.

विभागप्रमुख निशिकांत घोषाल सर हळुवार माणूस. मुलाला आधी मुढी, म्हणजे तिकडचे कुरमुरे, खायला द्यायचे, मग मोजायचे. मूल नक्षी कशी करतं, हात कुठे ठेवतं, हे समासात टिपायचे आणि शेवटी मुलाने केलेली नक्षी छोट्या चौकटीत जशीच्या तशी काढायचे. सोळा वर्षं हेच. दुमक्याकडच्या संथाळ गावांतून आलेल्या मुलांना शून्यं फार पडायची. सरांना वाईट वाटायचं. मला वाटायचं नाही, कारण माझ्यात एका सेकंदाचाही फरक नव्हता.

मग मायनो बेसरा आली. ती त्याच गावांमधली, आणि तिला प्रबंध करायचा होता तो याच शून्यांवर. सरांनी तिला प्रेमाने समजावलं, की त्यापेक्षा शहरातल्या मुलांची परीक्षेची भीती घे. मुलंही इथेच आहेत आणि भीतीही इथेच आहे. वर्गातला एकजण म्हणाला, मायनो मामाच्या गावी सुट्टीला निघालीय आणि वर पदवी घेऊन येणार. मायनो त्याला म्हणाली, “तू आलास तर तुझीही चाचणी घेईन. आमच्याकडे भाताची रोपं लावायची चाचणी असते.” त्याने विषय बदलला.

तिची घाई वेगळीच होती. तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी लुखी तुडू, वय नऊ. शाळेच्या हेडमास्तरांनी ठरवलं होतं, की ही मंद आहे, हिला रांचीच्या खास मुलांच्या वसतिगृहात पाठवावं. म्हणजे आईपासून दिवसभराच्या बसप्रवासावर. फक्त डॉक्टरांचा, म्हणजे घोषाल सरांसारख्यांचा, कागद हवा होता. “विचारलं तर बरोबर सांगते, पण विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही,” अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या वर्गात अशा बावीस मुली होत्या.

नात्यातल्या मुलीची चाचणी आपण घेऊ नये, असा नियम. म्हणून सर स्वतः गावी आले. मी त्यांच्या खिशात होतो. शाळेच्या ओसरीवर चटई घातली, मायनो मागे गप्प बसली. सरांनी माझं डोकं दाबलं.

लुखीने नक्षी एकतीस सेकंदांत केली. ठोकळ्यांच्या कडा बोटाने सारख्या केल्या आणि हात मांडीवर ठेवून बसली. सर थांबले. लुखी थांबली. मी काही थांबलो नाही. एक बकरी आली, कार्डाचा वास घेऊन गेली. एकशे वीस झाले आणि सरांनी हलक्या हाताने शून्य लिहिलं. पुढच्या कार्डालाही तेच झालं. सगळ्या कार्डांना तेच झालं.

परतीच्या वाटेवर मायनो खुशीत होती. ती म्हणाली, “सर, तुम्ही किती वेळ बघत होता तिचं काम! तिला वाटलं असेल, फारच आवडलं.”

सर चालायचे थांबले. “मी बघत नव्हतो. ती बोलायची वाट बघत होतो.”

“ती कशी बोलेल? बघणारे तुम्ही होतात.”

मग रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या तिने सांगितलं. सोहरायच्या सणाला मुली घराची भिंत रंगवतात. रंगवणारी कधी ‘झालं’ म्हणत नाही. हात खाली घेते आणि उभी राहते. घरातली मोठी बाई येऊन बघते आणि तीच सांगते, झालं. आपल्या कामाला आपणच ‘झालं’ म्हणणं म्हणजे आपल्याच गळ्यात आपण हार घालणं. मायनोला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की दोन वर्षं ‘झालं की सांग’ हे वाक्य शिकूनही, लुखी गप्प बसली तेव्हा तिला काही चुकतंय असं वाटलंच नाही.

चाचणी लगेच परत घेता येत नव्हती, कारण लुखीला आता उत्तरं माहीत होती. कागद सोमवारी द्यायचा होता. सर म्हणाले, नियम नियमच आहे, मी मनाने गुण देऊ शकत नाही. मायनोने मनाने मागितलेच नाहीत. तिने फक्त सरांचा स्वतःचा कागद त्यांच्यासमोर धरला. समासात लिहिलं होतं, ‘एकतिसाव्या सेकंदाला काम सोडून दिलं.’ शेजारच्या चौकटीत नक्षी, अगदी कार्डासारखी. त्याशेजारी शून्य. तिन्ही एकाच अक्षरात.

“सर, सोडून दिलेलं काम इतकं पूर्ण असतं का?”

सरांनी तो कागद तिच्या घरी जेवेपर्यंत वाचला. जेवताना बाजूला ठेवला आणि जेवल्यावर परत वाचला. सोमवारी त्यांनी हेडमास्तरांना लिहून दिलं, की या चाचणीत चूक झाली ती चाचणी घेणाऱ्याची. मुलीने शाळा बदलू नये. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि शिक्का. हेडमास्तरांनी कागद दोनदा उलटा करून पाहिला. मुलीऐवजी डॉक्टरच नापास झाल्याचा कागद त्यांच्या फाइलीत आजवर आला नव्हता. लुखी त्याच शाळेत राहिली.

मायनोने पुढे एक्केचाळीस मुलांवर प्रबंध केला आणि प्रत्येकाच्या दोन वेळा टिपल्या: हात खाली गेले ती वेळ आणि ‘झालं’ आलं ती वेळ. दोन्ही मीच मोजल्या. त्या दिवसांइतकं सुख मला अंड्यांनीही दिलं नाही. दोघी-तिघी मुली, पहिल्याच कार्डाला ‘तू बघितलंस का?’ असं मायनोला विचारायच्या. ती ‘बघितलं’ म्हणायची, आणि मी दबायचो.

पण मित्रांनो, प्रबंध संपताना मायनोने सरांना कपाट उघडायला सांगितलं. सोळा वर्षांच्या फायली निघाल्या. दुपारभर दोघं जमिनीवर बसून चौकटी बघत होते. नक्षी बरोबर आणि गुण शून्य, असे सतरा कागद निघाले. त्यातल्या प्रत्येकाच्या वेळी मी सरांच्या हातात होतो आणि माझ्यात एका सेकंदाचाही फरक नव्हता.

सतरा पत्रं गेली. अकरा परत आली. पाच जणांचं उत्तर नाही. एकजण स्वतः आला. बुधराय किस्कू, वय चोवीस, त्या शून्यानंतर चौथीतच शाळा सुटलेली, फरशी बसवायचं काम करतो, कडेवर पोरगी. पत्र त्याने दुसऱ्याकडून वाचून घेतलं होतं. सरांनी त्याला खुर्ची दिली, झालेली चूक नीट सांगितली आणि हात जोडले. मी टेबलावर होतो.

बुधराय खाली फरशीकडे बघत होता. मग म्हणाला, “सर, ही फरशी कुणी बसवली? रांग चुकलीय.” सर म्हणाले, असेल.  त्याने पोरीचं नाक पुसलं. मग त्याने अगदी सरळ विचारलं, “म्हणजे मला आता परत चौथीत बसावं लागेल का?”

सर हसायच्या बेतात होते, पण मध्येच त्यांनी चष्मा काढला. मायनो खिडकीकडे गेली. बुधराय उत्तराची वाट बघत राहिला. त्या दिवशी मला कुणी चावी दिली नव्हती, म्हणून तो किती वेळ होता ते मला सांगता येत नाही. आयुष्यात मी न मोजलेला तेवढाच.

आता फोनवर वेळ लावतात. माझी काचही तडकली आहे. मला कोरड्या फडक्याने पुसलंत तर आनंद आहे, नाही पुसलंत तरी चालेल. पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी कुणाला मोजायला बसलंच, तर एवढं करा: समोरचं मूल हात खाली ठेवून गप्प बसलं, तर आधी त्याच्यासमोर काय मांडलंय ते वाकून बघा. माझ्याकडे नंतर बघितलं तरी मी कुठे जात नाही.