तारकगुरूंचा मेलेल्यांचा ग्रह

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी इथे सोफे आणि पलंग विकायचं दुकान होतं. आता भिंतीएवढा पडदा होता आणि समोर खुर्च्यांच्या रांगा. पडद्यावर जांभळं आकाश, दोन चंद्र, खाली लाल माती आणि काचेचे घुमट. एका घुमटातून टक्कल पडलेला एक माणूस चालत बाहेर आला, थांबला, थेट आमच्याकडे बघून म्हणाला, "काय गं, गुडघा कसा आहे तुझा?"

पुढच्या रांगेतली शिवणकामवाली बाई अर्धवट उठली आणि मटकन खाली बसली. तिचा नवरा जाऊन वर्ष उलटलं होतं. "गुडघ्याचं त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार," असं ती रडत रडत शेजारणीला सांगू लागली. ती लंगडत आत आली होती, सगळ्या हॉलने पाहिलं होतं, पण ते आठवायची तेव्हा कुणाला फुरसत नव्हती.

तारकगुरू चंदेरी जाकीट घालून, कानाला माइक लावून रांगांमधून फिरत होते. "विज्ञान काय सांगतं? ऊर्जा नष्ट होत नाही. मग तुमचा माणूस कसा नष्ट होईल? तो फक्त सर्व्हर बदलतो. अज्ञानी लोक म्हणतात, हा तर व्हिडिओ गेम आहे. अरे बाळांनो, गेम हे दार आहे. पलीकडे ग्रह आहे. क्वांटम कंपनांनी मी ते दार उघडतो."

क्वांटम म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर गुरूंची बोबडी वळली असती. कुणी विचारलं नाही. मीही नाही, कारण त्या दिवशी पुढचा नंबर माझ्या आईचा होता.

माझा धाकटा भाऊ, भुंग्या. कॉम्प्युटरसमोर बसला की सतत काहीतरी गुणगुणायचा म्हणून हे नाव पडलं. हाच गेम त्याचा जीव की प्राण होता. यानात बसायचं, हव्या त्या ग्रहावर उतरायचं, वाटेल तिकडे भटकायचं. अमुकच कर असं सांगणारं कुणी नाही. नुसतं खेळून त्याचं पोट भरत नव्हतं. तो मॉड करायचा, म्हणजे गेममध्ये आपल्या हाताने नवी भर घालायची. कधी नवं यान, कधी नवा प्राणी. त्याने एक रोबोटही केला होता, खेळणाऱ्याच्या मागे मागे चालणारा आणि भुंग्याच्याच आवाजात बोलणारा. तो त्याने इंटरनेटवर सगळ्यांना फुकट देऊन टाकला. मागच्या वर्षी एका ट्रकने त्याला उडवलं, आणि आमच्या घरातलं गुणगुणणं थांबलं.

तारकगुरूंच्या मठाची एक रीत होती. मेलेल्या माणसाची 'स्मृतिनाडी' जमा करायची, म्हणजे त्याचा मोबाइल नाहीतर कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. आईने मला न विचारता भुंग्याची डिस्क नेऊन दिली होती, आणि बोलता बोलता तिथे आपल्या मधुमेहाचंही सांगितलं होतं.

पडद्यावर घुमट उघडला आणि भुंग्या बाहेर आला. तेच विस्कटलेले केस, तोच खांदा उडवत चालायचा लाडिक आळस. "आई, जेवलीस का?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही फसले. आवाज त्याचाच होता. आई दोन्ही हात पडद्याकडे पसरून उभी राहिली. एवढ्यात त्या आवाजामागे, अगदी बारीक, मला कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी कान टवकारले. रोबोटचा आवाज रेकॉर्ड केला तेव्हा मी भुंग्याच्या शेजारी बसले होते. 'आई, जेवलीस का' हे वाक्य आईची गंमत म्हणून मीच लिहून दिलं होतं, आणि आत आईने कुकर लावला होता म्हणून शिट्टी मध्येच घुसली. "राहू दे ताई, घरचा रोबोट वाटतो," असं म्हणून त्याने ती तशीच ठेवली होती. म्हणजे या हरामखोरांनी माझ्या भावाचा रोबोट उचलला होता आणि त्याच्यावर माझ्या भावाचं तोंड चिकटवलं होतं.

मग तो पुढे बोलला. आता शिट्टी नव्हती आणि आवाजही जरा सपाट झाला होता. "आई, इन्सुलिन बंद कर. तुला सुई टोचली की मला इकडे दुखतं. गुरूंचं ग्रहजल घे. मग मी रोज भेटेन."

आईने त्याच दिवसापासून इन्सुलिन बंद केलं.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. लोकांची साखर मोजण्यात माझा दिवस जातो आणि साखर चढली की माणसाचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. मी आईच्या हातापाया पडले, ओरडले, शेवटी रडले.

"आई, ते रेकॉर्डिंग आहे. मागे आपल्या कुकरची शिट्टी आहे, तू नीट ऐक."

"मग? तिकडे काय लोक जेवत नसतील?"

"अगं, ग्रहावर कुकर?"

"तुला त्याचं सुख बघवत नाही," आई म्हणाली. "जिवंत होता तेव्हाही तू त्याच्यावर खेकसायचीस. आता मी सुई टोचून घेऊ आणि तो तिकडे कळवळू दे, असंच ना?"

आईला वेड लागलं नव्हतं. आपल्या लेकराला दुखू नये म्हणून ती स्वतःला मारत होती, आणि कुठलीही आई हेच करेल हे ओळखूनच ते वाक्य तिला ऐकवलं होतं. मठात विकायला ठेवलेल्या ग्रहजलाच्या बाटल्या खपाव्यात म्हणून. आईचं तोंड सुकायला लागलं, चालताना तोल जायला लागला, पायाला झालेली बारीकशी जखम चिघळली. त्या जखमेची पट्टी बदलताना मी ठरवलं की नुसतं आईला सोडवून भागणार नाही. या माणसाला त्याच्याच पडद्यासमोर, त्याच्याच भक्तांदेखत नागडा करायचा.

भुंग्याचा एक मित्र होता, लंबू. दोघे मिळून मॉड करायचे. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, हे सोपं आहे," तो म्हणाला. "फोटोवरून चेहरा बनवतात. डिस्कवरच्या रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर असतं. गुरूच्या माइकवर समोरचं बोलणं ऐकत कुणीतरी दुसऱ्या खोलीत बसून टाइप करतो आणि ते मेलेल्याच्या आवाजात पडद्यावर येतं. भुंग्याचा रोबोट त्यांना आयता मिळाला. तेवढंच काम वाचलं."

"म्हणजे आळशी आहेत."

"पक्के. चोर कधी घाम गाळतो का?"

"मग त्यांना आणखी एक आयतं देऊ या," मी म्हणाले.

मॉडची एक गंमत आहे, ती लंबूने मला समजावून सांगितली. गेम सुरू होताना मॉड एकामागून एक चढतात. दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावत असतील तर शेवटी चढलेल्याचं चालतं, आधीच्याचं पुसलं जातं. मठात प्रत्येक नवा मेलेला अर्थातच शेवटी चढत होता. आधीचे सगळे त्याच्या खाली.

आम्ही एक माणूस जन्माला घातला आणि लगेच मारलाही. लंबूचा मावसभाऊ, गेमचा वेडा, तापाने गेलेला. असा मावसभाऊ लंबूला कधीच नव्हता. त्याच्या नावाच्या डिस्कवर लंबूने एक सुंदर मॉड ठेवला: तयार चेहरा, तयार आवाज, तयार चाल. बघितला तर अगदी निर्दोष. पण ग्रहावर संध्याकाळ झाली की तो रंग बदलणार होता. गुरूंची प्रत्येक सभा ग्रहावरच्या सूर्यास्ताने संपायची हे आम्ही पाहून ठेवलं होतं.

लंबू तोंड पाडून मठात गेला आणि स्मृतिनाडी देऊन आला. तिथल्या चष्मेवाल्या सेवकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "धीर धरा, तो पोचलाय. मला जाणवतंय." न जन्मलेला माणूस पोचलाही होता.

सभेला मी आईला घेऊन गेले. ती खूश होती. तिला वाटलं, पोरगी वळणावर आली. माझ्या पर्समध्ये साखर तपासायचं मशीन होतं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्सुलिन.

मावसभाऊ आला. त्याने लंबूला हाक मारली, बालपणीच्या खोड्यांबद्दल बोलला. गुरूंनी डोळे मिटून विचारलं, "ओळख पटली ना, बाळ?" लंबूने रुमालात तोंड खुपसलं. तो हसत होता, लोकांना वाटलं रडतोय. मग सूर्य खाली गेला, घुमटांमध्ये दिवे लागले, आणि निरोपासाठी ग्रहावरचे सगळे मेलेले बाहेर आले.

सगळ्यांना तारकगुरूंचं तोंड होतं.

टक्कलवाला नवरा गुरू होता. साडीतली आजी गुरू होती. माझा भाऊ गुरू होता. तेच गुबगुबीत गाल, तेच अर्धवट मिटलेले डोळे. गुरूंनी आपली प्रवचनं हौसेने इंटरनेटवर टाकली होती, त्यामुळे आवाजाचीही कमतरता पडली नव्हती. सगळे एका सुरात बोलू लागले: "इथे कुणी नाही. आम्हाला शेजारच्या खोलीतून टाइप करतात."

मग मागून एक माणूस फिसकन हसला. गुरूंच्या तोंडचं पाणी पळालं. "नकारात्मक कंपनं," ते म्हणाले, "कुणीतरी अविश्वासू बसलंय..."

"मी बसलेय," मी म्हणाले आणि पडद्याच्या बाजूचं दार उघडलं.

आत चष्मेवाला हेडफोन लावून बसला होता. बाहेरचा गोंधळ सावरायला तो घाईघाईने टाइप करत होता. मी बाजूला झाले. आई काठी टेकत माझ्या मागे आली होती. ती दारात उभी राहिली आणि त्याच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं वाचू लागली. वाक्य अर्धंच होतं. 'आई, घाबरू नकोस, मी'

चष्मेवाल्याचे हात थांबले.

"कर की पुरं," आई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "तूच ना माझा मुलगा? लिही पुढे."

त्याने मान खाली घातली. शिवणकामवाली बाई आणि बाकीचे लोक दारात गोळा झाले होते. मी एकेक गोष्ट सांगितली: चेहरा कुठून येतो, आवाज कुठून, गुरूंचा माइक कशासाठी, डिस्क का मागतात. लंबूने तिथेच बसून शिवणकामवाल्या बाईच्या नवऱ्याच्या तोंडून 'मी फसवा आहे' असं म्हणवून दाखवलं. बाईने कान झाकून घेतले. तिचं वाईट वाटलं, पण लंबूला मी थांबवलं नाही.

आई माघारी वळली आणि गुरूंच्या समोरच्या खुर्चीत बसली. "सुई आण," ती मला म्हणाली. मी आधी साखर तपासली. आकडा बघून मी लगेच सुई भरली. आईने सगळ्यांदेखत पोटावरचा पदर बाजूला केला आणि इन्सुलिन टोचून घेतलं. नजर गुरूंवरून हलली नाही.

"दुखलं का कुणाला तिकडे?" तिने विचारलं.

गुरू मागच्या दाराकडे बघू लागले.

"माझा मुलगा गेला तेव्हा मी त्याला निरोप दिला होता. तू त्याला परत आणलंस, आणि माझ्या जिवावर उठायला लावलंस. त्याच्या तोंडून."

लंबूने पोलिसांना बोलावलं. पोलीस येण्याआधी गुरू मागच्या दाराने सटकू पाहत होते. भक्तांनीच त्यांना धरून ठेवलं. जाकीट फाटलं होतं, पाया पडणारेच आता शिव्या घालत होते, आणि मी शेवटपर्यंत उभी राहून ते बघितलं. लोक म्हणतात, माफ करावं, मन हलकं होतं. मी माफ केलेलं नाही आणि माझं मन छान हलकं आहे.

आई हॉस्पिटलमध्ये राहिली, पायाची दोन बोटं गेली, जीव वाचला. घरी आल्यावर ती खूप रडली, भुंग्यासाठी. या वेळी तो खरोखर गेला होता. तिचा हात धरून बसण्याखेरीज माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता.

तुमचंही कुणी गेलं असेल. त्याचा आवाज पुन्हा ऐकावा असं वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही; त्याचं खरं रेकॉर्डिंग असेल तर ऐका, पोटभर रडा. पण तो आवाज नवं काही सांगू लागला, तर उठा आणि शेजारच्या खोलीचं दार उघडा. दार उघडू देत नसतील तर आत माणूस आहे असं समजा. आणि औषध बंद करा असं कुणीही सांगितलं, मग तो जिवंत असो की मेलेला, तरी आधी डॉक्टरला विचारा. मेलेल्यांना सुई टोचत नाही. दुखतं ते तुम्हाला आणि तुमच्या मागे उरणाऱ्यांना.