काटा नऊवर

सातपूरच्या कारखान्यात संतोष दिवसभर मोठमोठी यंत्रं तपासायचा. त्यामुळे घरातलं वीतभर एस्प्रेसो कॉफीचं मशीन आपल्याला चकवेल, अशी शंकाच त्याला आली नव्हती. मशीनवर पाणी कमी-जास्त करायचा कॉक होता आणि शेजारी दाबाचा काटा. तो नऊवर टिकला, तरच कॉफी जमायची. संतोषने कॉक फिरवला की काटा टुणकन नऊवर उडी मारी, लगेच कोसळे आणि कपात आंबट, पाणचट काहीतरी जमा होई. संतोष त्याला 'फळांची छटा' म्हणायचा. सविता ते बेसिनमध्ये ओतायची.

आज मात्र ती म्हणाली, "अहो, आई येतेय दिंडोरीहून. तिनं कप रिकामा केला, तर मशीन ओट्यावर. नाहीतर माळ्यावर, तुमच्या ज्यूसरशेजारी."

सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "जावईबापू, सार चांगलं हे. मीठ तेवढं राहिलं."

"दुसरी करतो," संतोष म्हणाला.

सविता शिडी आणायला बाल्कनीत गेली. जाता जाता तिनं वाळलेल्या मोगऱ्याच्या कुंडीत मगभर पाणी भसकन ओतलं. पाणी मातीच्या कडेच्या भेगेतून थेट खालच्या ताटलीत. माती कोरडी ती कोरडीच.

"अगं, हळू घाल! आधी भिजू दे की—" संतोष ओरडला आणि उघड्या तोंडानेच मशीनकडे वळला.

दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. ज्या घरात नळाला तासभरच पाणी येतं, तिथल्या माणसाच्या हाताला कॉक अर्धा उघडणं ठाऊकच नसतं.

कॉफीची नवी पूड भरून त्यानं कॉक केसभर उघडला. काटा दोनापाशी रेंगाळला. पूड भिजली, फुगली, घट्ट धरून बसली. पंप नुसता ढकलतो. पुडीनं अडवलं, तरच दाब टिकतो. त्यानं पाणी हळूहळू वाढवलं, तसा काटा वरातीतल्या घोड्याच्या ऐटीत नऊवर पोचला आणि तिथेच थांबला. शेवटी पूड सैल पडू लागताच त्यानं कॉक पुन्हा आवळला. उंदराच्या शेपटीएवढी तपकिरी धार काकवीसारखी उतरली.

सगुणाबाईंनी घोट घेतला. "कडू हे."

सविताने शिडी भिंतीला टेकवली.

"पण लय गुणाचं कडू हे." त्यांनी कप रिकामा केला आणि तळाचा फेस बोटानं पुसून घेतला. "आणखी हे का?"

शिडी आणलीच होती, ती वाया कशाला घालवायची? संतोषने ओट्यावरचा टोस्टर उचलून माळ्यावर नेला. शिडी सगुणाबाईंनी स्वतः धरली.