दारातली खुर्ची

कुर्र...

सकाळच्या रिकाम्या हॉलमध्ये हा आवाज फार मोठा वाटतो. मित्रांनो, तो माझ्या बिजागऱ्यांचा आवाज आहे. मी एक जुनी, घडीची लोखंडी खुर्ची आहे. लातुरात एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये मी राहते.

माझा जन्म याच शहरात, महेबूबभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. भूकंपाचं वर्ष होतं. किल्लारीकडची गावं पडली होती. उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि तिथल्या दवाखान्याला खुर्च्या हव्या होत्या. महेबूबभाई एरवी बडबडे, पण त्या दिवसांत नुसतं काम. पाइप कापायचे, वाकवायचे, जोडायचे. मला निळा रंग दिला आणि तो ओला असतानाच टेम्पोत चढवलं. माझ्या पाठीवर अजून कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत.

शेडमधल्या दवाखान्यात माझी काही वर्षं गेली. तिथे येणारा माणूस बसण्याआधी मला उचलून दाराशी न्यायचा. डॉक्टर म्हणायचे, "अहो, इकडं बसा, टेबलाजवळ." माणूस हो म्हणायचा आणि दाराशीच बसायचा. मी नवीन होते. मला वाटलं, जगातली सगळी माणसं दाराशीच बसतात.

पुढे नवी घरं झाली, शेड उठल्या आणि मी लातूरला परत आले. शहर ओळखू येत नव्हतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या. मुरुडची, चाकूरची, पार अर्धापूरची मुलं पाठीवर दप्तर घेऊन रस्त्यानं पाठांतर करत चाललेली. एका सरांनी मला त्यांच्या हॉलसाठी घेतलं. पोरं माझ्यावर दाटीवाटीनं बसून रसायनशास्त्र शिकली. बोर्डात आलेल्या एका मुलानं माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढला, तो पेपरात छापून आला. ते माझे मानाचे दिवस. मग लांब बाक आले, एसी आला आणि आम्हा लोखंडी खुर्च्यांना जिन्याखाली कोंबलं. तिथे कुणी मला उघडत नव्हतं, म्हणून मी कुरकुरतही नव्हते. फक्त गंजत होते.

आम्हाला बाहेर काढलं ते सरांच्या आईच्या गुडघ्यांनी. डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला होता. त्यांनी तो घरात एकटीनं चार दिवस केला आणि सोडून दिला. शेजारच्या खातूनबी हसल्या. "अकेले में किसका जी लगता, माय? दहा-बारा जण जमवा. मी घेते ना." खातूनबी मुलींच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पहिली बॅच येण्याआधी हॉल मोकळाच असायचा. बाक भिंतीला सरकले, आम्हाला तेल मिळालं आणि म्हाताऱ्यांचा क्लास सुरू झाला.

फार अवघड काही नव्हतं. बसल्याबसल्या टाचा उचलायच्या, खांदे फिरवायचे. मुख्य व्यायाम एकच, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. "पाय मागं घ्या. नाक पायाच्या बोटांपुढं आणा. आता उठा!" असं खातूनबी ओरडायच्या, शाळेच्या मैदानावर ओरडावं तसं. कुणी उठायचं, कुणी धपकन बसायचं. मग सगळे हसायचे आणि तोच माणूस पुन्हा उठायला बघायचा. एखादा आला नाही, की क्लास सुटल्यावर दोघं-तिघं त्याच्या घरी जाऊन थडकायचे. महिन्याभरात माझ्यावरचा भार बदलला. माणसं तितकीच जड होती, पण आता आदळत नव्हती, टेकत होती.

एक दिवस पंचफुलाबाई आल्या. त्या किल्लारीजवळच्या गावच्या. नात करिश्मा याच क्लासला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती आणि तिच्या भाकरीसाठी आजी लातुरात खोली करून राहिली होती. लातुरात अशा आज्या पुष्कळ आहेत. पंचफुलाबाई मोरीत पाय घसरून पडल्या तेव्हा गावाहून मुलानं, वैजनाथनं फोनवर बजावलं होतं, "आई, अजून एकदा पडलीस तर दोघींलाबी घेऊन येतो. पोरीला एकटीला ठेवत न्हाई मी." म्हणजे करिश्माची परीक्षा आता आजीच्या पायांवर उभी होती.

पण पंचफुलाबाई हॉलमध्ये शिरेनात. भूकंपात त्यांचं घर पडलं, धाकटी लेक आतच, ढिगाऱ्याखाली राहिली. तेव्हापासून स्लॅबखाली त्या उंबऱ्याच्या आत बसत नसत. भाड्याच्या खोलीतही त्यांचं अंथरूण दारात असे. त्यांनी मला उचललं आणि दारात उंबऱ्यावर ठेवलं. पुढचे पाय आत, मागचे बाहेर पायरीवर.

"बाई, पुढं सरका," निवृत्त कंडक्टर देविदासराव आतून ओरडले. "गाडी रिकामी हाय!"

"ऱ्हाऊ द्या," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मला पुढच्याच ष्टॉपवर उतरायचं हाय."

सगळे हसले आणि मी दारातच राहिले. खातूनबी रोज सांगायच्या, "खुर्ची भिंतीला टेकवा." दारात भिंत कुठली? तरी पंचफुलाबाईंचे पाय हळूहळू ऐकू लागले होते. एका हाताच्या आधारानं त्या उठू लागल्या होत्या.

मग एका सकाळी त्यांनी दोन्ही हात छातीवर घेतले. उठताना माझ्यावर मागे रेटा बसला, माझे मागचे पाय पायरीवरून घसरले आणि मी मिटले. त्या उंबऱ्यावर आपटल्या. मोडलं काही नाही, कोपर खरचटलं. पण करिश्मानं ते कोपर पाहिलं आणि घाबरून बापाला फोन केला.

दुसऱ्या सकाळी पंचफुलाबाई निरोप घ्यायला आल्या. मागे वैजनाथ, त्याच्या खांद्यावर दोघींची बॅग. करिश्मा गेटपाशी भिंतीकडं तोंड करून उभी.

"येते मी समद्यांनो," त्या दारातून म्हणाल्या.

"मावशी, साडेसातची गाडी हाय," वैजनाथ खातूनबींना म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता.

"अभी टाइम है बेटा. एक बार बैठने दे उसको."

"कशाला? परत पडायला?"

मग देविदासराव उठले. त्यांनी आपली खुर्ची धरली आणि फरशीवरून ओढत दाराकडं आणली.

"बाई पुढं येत न्हाईत ना? मग गाडीच मागं घेऊ. त्यात काय!"

सरांची आई उठली. निलंग्याच्या गुरम्मा उठल्या. खुर्च्यांचा एवढा कर्कश आवाज त्या हॉलनं कधी ऐकला नसेल. मधला सगळा हॉल मोकळा पडला आणि अख्खं वर्तुळ दाराशी येऊन दाटलं. मला उंबऱ्याच्या आत, दारालगतच्या भिंतीला टेकवून ठेवलं. गुरम्मा सीमेकडच्या, त्यांच्या बोलण्यात कानडी यायची. त्यांनी हात पुढं करून आत बोलावलं. "बा अक्का, बा."

पंचफुलाबाईंनी वर स्लॅबकडं पाहिलं. मग गुरम्मांचा हात धरून त्या आत आल्या आणि माझ्यावर बसल्या. दुसऱ्या हातानं त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली.

"हात छातीवर," खातूनबी म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत. "नाक बोटांपुढं. उठा."

सगळे एकदम उठले. पंचफुलाबाईही उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. माझ्या मागे भिंत होती. मी हलले नाही.

वैजनाथ बॅग घेऊन तसाच उभा होता. "आई," तो म्हणाला, "तू आत बसलीस." लहानपणापासून त्यानं हे पाहिलं नव्हतं. त्यानं बॅग खाली ठेवली. मग विचारलं, "यानंतरची गाडी कधी हाय?"

"गाड्या काय, दिवसभर असतात," देविदासराव म्हणाले.

वैजनाथ एकटाच परत गेला. बॅग करिश्मानं उचलली.

करिश्माची परीक्षा अजून व्हायची आहे. तिचं काय होईल, हे खुर्चीला कसं कळावं? मला एवढंच सांगता येतं, की आता पंचफुलाबाई रोज आत बसतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात आजी-आजोबा असतील. "तुम्ही बसा, आम्ही करतो," असं आपण त्यांना मायेनंच म्हणतो. पण जिन्याखाली मी गंजले ती नुसती पडून राहून. त्यांना उठू द्या. बरोबरीच्या चार माणसांत नेऊन सोडा. आणि त्यांची खुर्ची भिंतीला टेकली आहे ना, तेवढं बघा.

सुट्टीच्या दिवशी खातूनबींबरोबर त्यांची पाच वर्षांची नात रुखसार येते आणि फरशीवर बसून सगळ्यांच्या नकला करते. परवा क्लास सुटल्यावर ती पंचफुलाबाईंच्या गुडघ्याला रेलून उभी राहिली.

"आजी, तुम्ही आधी दारात का बसत होत्या?"

"माझं घर पडलं होतं. परत हाललं तर पटकन बाहेर पळाया यावं म्हणून, माय."

रुखसारनं दाराकडं पाहिलं.

"मग तुमच्या पडलेल्या घराला दार नव्हतं का?"