पाचवी गाडी

चौथी गाडी रिकामी करून घरी आले तेव्हा बाहेर फेब्रुवारीतली थंडी होती आणि माझी पाठ घामाने भिजली होती. पुढे लाकडी खोकं असलेली शेजारणीची तीनचाकी सायकल दिवसभरासाठी मागून आणली होती. पाचवी खेप भरताना खिडकीतून पाहिलं, तर नगरपालिकेचा ट्रक कोपऱ्यावरचा रद्दी कागदाचा कंटेनर रिकामा करत होता. बरं झालं म्हटलं, उरलेल्या पुस्तकांना जागा झाली.

हे जाऊन पाच आठवडे झाले होते. कोरोनाने नेलं. महिनाअखेरीला हॉलंडमधल्या उइटहॉर्नचं हे घर सोडून मला मास्ट्रिख्टला लेकीच्या दोन खोल्यांत जायचं होतं. ह्यांच्या चिनी पुस्तकांना तिथे जागा नव्हती. जुन्या वस्तूंची दुकानं लॉकडाऊनमध्ये बंद. ज्या चिनी पुस्तकांच्या ग्रंथालयात ह्यांनी पंचवीस वर्षं पुस्तकं जागेवर लावायची नोकरी केली, तिथूनही उत्तर आलं, 'हे सगळं आमच्याकडे आहे.'

खरं सांगते, पुस्तकांचं मला दुःख नव्हतं. दुःख होतं कोशाचं. वीस वर्षं हे चिनी म्हणींचा मराठी कोश करत होते. "झालाय गं. पुस्तकांतच आहे सगळा, उतरवून काढायचा राहिलाय," म्हणायचे. हॉस्पिटलमधून शेवटचा फोन केला तेव्हाही म्हणाले, "कोश तेवढा सांभाळ." मी कॉम्प्युटर, कपाटं, माळा, सगळं धुंडाळलं. एक वही सापडली. पहिल्या पानावर कोशाचं नाव, पुढे कोरी.

"आई, बाबा नेव्हर रोट इट," लेक धम्मदीपा फोनवर म्हणाली. "जाऊ दे ना आता."

मलाही तेच वाटलं. उभा जन्म मी ह्यांना त्या कोशावरून बोलत आले होते. एकदा चहा पिताना हे म्हणाले, "पुस्तकं फार झाली की चिनी लोक म्हणतात, वाहताना बैलांना घाम फुटतो."

"इथला बैल मीच," मी म्हटलं. "पुसायची मी, आवरायची मी."

हे हसले. "आणि विद्वानाची विद्या म्हणे पाच गाड्या भरते."

"तुमच्या मोजेन हं एकदा."

कंटेनरचं तोंड पत्रपेटीसारखं अरुंद. पाचव्या गाडीतलं पहिलंच पुस्तक जाडजूड निघालं, आत जाईना. मधोमध उघडून कोंबायला गेले, तर समासात पेन्सिलीने मराठी. ह्यांचं बारीक अक्षर.

'बैलांना घाम, घरात तुळयांपर्यंत ढीग. पुस्तकं अमाप असणे.' खाली लिहिलं होतं, 'ललिता म्हणते, इथला बैल मीच.'

पुढच्या पानावर समास भरलेला. त्याच्याही पुढच्या. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. चिनी आपल्याला कुठे कळतं म्हणून तीस वर्षांत मी एकही पुस्तक उघडलं नव्हतं. धूळ पुसली तीही बाहेरून.

मी खांद्यापर्यंत हात कंटेनरमध्ये घातला. आत काहीच नव्हतं.

कुत्रा घेऊन चाललेला एक म्हातारा दीड मीटरवर थांबला. मास्कमधूनच डचमध्ये म्हणाला, "बाई, काही पडलं का आत?"

"नाही," मी म्हटलं. "मीच टाकलं."

त्याने मान हलवली, पण जवळ आला नाही. त्या दिवसांत कुणीच येत नसे. मी पुस्तकं पुन्हा खोक्यात रचली आणि गाडी हाताने ओढत घराकडे वळवली. या गावात कुठे चढ नाही. तरी ती ओढवेना.