वरच्या फळीवरचा निवाडा

मित्रांनो, मी शिडी आहे. लाकडी, जुनी, उघडल्यावर कात्रीसारखे पाय फाकून उभी राहणारी. दिवा बदलण्यापुरती वर्षातून एकदा ज्यांची आठवण येते, त्यांतली मी नव्हे. माझा सगळा जन्म वकिलाच्या ऑफिसात गेला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझी पायरी मात्र या ऑफिसातल्या शहाण्याने रोज चढायची, असा इथला रिवाज होता.

मी उरलेल्या लाकडाची आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. थोरल्या वकिलांनी ऑफिस थाटले तेव्हा भिंत भरून छतापर्यंत कपाटे करून घेतली. कपाटे झाली, पुस्तके लागली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले की वरच्या फळीला कोणाचाच हात पोचत नाही. सुतार मनापासून हसला. उरलेल्या फळ्या जोडून त्याने मला उभे केले. एक पायरी कमीच बसली, पण साहेब उंच आहेत, चालून जाईल, असे तो म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

त्या पुस्तकांत निवाडे होते. मोठ्या कोर्टाने एखाद्या भांडणात काय निर्णय दिला आणि का दिला, ते त्यात छापलेले असते. तसलेच भांडण पुन्हा आले की वकील तो निवाडा दाखवतो आणि म्हणतो, आम्हालाही हाच न्याय लावा. थोरल्या वकिलांचा एक नियम होता. निवाडा कितीही पाठ असला तरी कोर्टात सांगण्याआधी माझ्यावर चढायचे, खंड काढायचा, आणि चौथ्या पायरीवर उभे राहून ते पान मोठ्याने वाचायचे. खाली बसलेला अशील काही न कळता मान डोलावत असे. "कोर्टात तोंडावर पडण्यापेक्षा इथे शिडीवरून पडलेलं बरं," असे ते म्हणत. ते कधीच पडले नाहीत. त्यात थोडा हात माझाही होता, पण तसे कोणी बोलून दाखवले नाही.

पुढे त्यांची मुलगी वकील झाली. तिला सगळे ताई म्हणत. ताई हुशार, कामाला वाघ, पण काळच असा आला की वाघाचीही दमछाक व्हावी. दावे घरबसल्या संगणकावरून दाखल होऊ लागले. तारखा पडद्यावर होऊ लागल्या. ताई वर काळा कोट आणि पायात घरातल्या सपाता अशा थाटात न्यायाधीशांपुढे हजर होत. त्यात कायदेच बदलले. जुनी कलमे नवे आकडे घेऊन आली. एकदा थोरले वकील ऐटीत एक आकडा सांगून गेले आणि फसले, कारण त्या आकड्यावर आता भलताच गुन्हा राहायला आला होता. त्यांचा गुडघाही त्याच सुमारास गेला.

मग मला कोण विचारतो? गरज सरो, वैद्य मरो. मला गॅलरीत नेले आणि माझ्या पायऱ्यांवर कुंड्या मांडल्या. कुंड्यांना घातलेले पाणी माझ्यात मुरले, स्क्रू गंजले. कौतुक झाले ते शेवंतीचे. मला राग आला होता आणि तो मी गिळून बसले होते. गॅलरीचे दार काचेचे असल्यामुळे आतले सगळे दिसे आणि ऐकू येई, तेवढाच विरंगुळा.

अशा दिवसांत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी ताईंकडे आल्या. भाड्याच्या एका खोलीत त्या राहत आणि तिथेच खिडकीशी मशीन ठेवून शिवत. घरमालकाला खोली मुलासाठी हवी होती. खालच्या कोर्टाने खोली रिकामी करायला सांगितले होते. आता वरच्या कोर्टात अपील होते, आणि ते हरले तर मावशींना मशीन रस्त्यावर आणून ठेवावे लागणार होते.

ताईंकडे कामाचा डोंगर होता. त्यांनी संगणकावरच्या नव्या प्रोग्रामला प्रश्न विचारला. चहा निवायच्या आत त्याने तीन निवाडे काढून दिले. खंड, पान, पक्षकारांची नावे, सगळे जिथल्या तिथे. ताईंनी ते लेखी युक्तिवादात घातले आणि युक्तिवाद दाखल करून टाकला.

तारखेच्या दिवशी सकाळी मावशी येऊन बसल्या होत्या. ताईंनी वडिलांना युक्तिवाद वाचून दाखवला. थोरल्या वकिलांनी पहिला निवाडा पुन्हा वाचायला लावला.

"बाई एकटी, खोली भाड्याची, आणि त्यात शिवणाचं मशीनसुद्धा?" ते म्हणाले. "अशिलाच्या मापाने शिवून आलेला निवाडा मी आजवर पाहिलेला नाही. कुठे ना कुठे तो घट्ट होतो, नाहीतर ढगळ होतो. पान वाचलंस का?"

"बाबा, पानाचा आकडा दिलाय की त्यात."

"आकडा दिलाय. तू वाचलंस का?"

ताई उठून गॅलरीत आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने कुंड्या खाली उतरवल्या आणि मला आत नेले. कोटावर माती सांडली, तिकडे त्यांनी पाहिले नाही. सुताराने खाल्लेली पायरी आता नडली. ताई चवड्यांवर उभ्या राहिल्या तेव्हा कुठे बोटे वरच्या फळीला लागली. पहिला खंड काढला तर त्या पानावर दोन भावांचे विहिरीवरून भांडण चालले होते. दुसरा खंड त्या पानाच्या आधीच संपला होता. तिसऱ्यातली नावे शोधून सापडेनात. त्यांनी माझी कड इतकी घट्ट धरली की मला गंजलेल्या स्क्रूंची काळजी वाटली.

"हे निवाडे नाहीतच, बाबा. कोणी कधी दिलेलेच नाहीत. प्रोग्रामने मनाने रचलेत."

मावशींनी हळूच विचारले, "म्हणजे माझी खोली गेली का?"

घरमालकाच्या वकिलाच्या अजून काही लक्षात आलेले नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढा भाग आज वाचलाच नाही तर कोणाला कळणार आहे, असे ताई पुटपुटल्या. कळले तर वकिलीची सनद जाऊ शकते, हेही त्या पुटपुटल्या. थोरले वकील म्हणाले की सनद तुझी आहे आणि खोली यांची आहे, यात मी बोलणार नाही. मग कपाटाकडे बोट करून ते म्हणाले, "वरच्या फळीवर डावीकडे निळ्या पुठ्ठ्याचा खंड आहे. त्यात एक निवाडा आहे. इतका गोड नाही. अर्धाच लागू पडेल."

ताई चढल्या आणि चौथ्या पायरीवरून त्यांनी तो मोठ्याने वाचला. किती वर्षांनी माझ्यावर उभे राहून कोणी वाचत होते. घरमालकाची गरज खरी असली तरी हाल कोणाचे जास्त होतील हे कोर्टाने तोलून पाहावे, असे त्यात होते. खालच्या कोर्टाने ते पाहिलेच नव्हते. पण पुढे एक खोच होती. भाडेकरूने दुसरी जागा शोधली होती का, हेही पाहावे. ताई तिथेच थांबल्या, खाली उतरल्या आणि मावशींसमोर बसल्या.

"मावशी, तुम्ही दुसरी जागा पाहिलीत का?"

"पाहिली की. गल्लीगल्लीत फिरले. मशीनचा आवाज नको म्हणतात सगळे. हे आजवर मला कोणी विचारलंच नाही, ताई."

पडदा उजळला, न्यायाधीश दिसले. ताईंनी बसून बोलायचे सोडून उभे राहून सुरुवात केली. "मी दाखल केलेले तीन निवाडे खोटे आहेत. मी ते न वाचता दिले. चूक माझी आहे, माझ्या अशिलाची नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी ताईंना जे सुनावले ते मी इथे सांगणार नाही. ताईंनी मान खाली घालून ऐकले. लेखी खुलासा द्या, सनदेचे नंतर पाहू, असे न्यायाधीश म्हणाले. शेवटी त्यांनी विचारले की आता खरे असे काही आहे का. ताईंनी निळ्या खंडातले पान वाचले आणि मावशींनी कुठल्या कुठल्या दारावरून नकार ऐकला ते सांगितले. खोली रिकामी करण्याच्या हुकमाला स्थगिती मिळाली आणि हाल कोणाचे जास्त, ते तोलायला प्रकरण खालच्या कोर्टात परत गेले. मशीन तोवर खिडकीशीच राहणार होते. ताईंची सनद राहिली, पण त्यांच्या नावावर ठपका लागला. तो पुसला जाणार नाही, आणि त्या तो लपवतही नाहीत.

मी आता आतच असते. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून मावशींनी उरलेल्या कापडाचे चार मोजे शिवून माझ्या पायांत घातले आहेत. त्यातला एक ढगळ आहे. ताई अजूनही त्या प्रोग्रामला विचारतात, आणि मग सपाता काढून माझ्यावर चढतात.

मित्रांनो, नव्या यंत्रांशी माझे वैर नाही. जुन्या वस्तूंवर कुंड्या ठेवू नका आणि वर्षातून एकदा स्क्रू आवळा, एवढे केलेत तरी माझे भागेल. पण तुमच्या शब्दावर कोणाचे घर उभे असेल तर तो शब्द स्वतः चढून पाहा. चढायला मी आहे. उतरून समोरच्या माणसाला विचारायचे, ते मात्र तुमचे तुम्हालाच करावे लागेल.