वळणावरचं पाणी

पहाटे साडेपाचला माझ्या लेकीच्या, पूर्वीच्या स्केट्सची पिशवी स्कूटरच्या डिकीत कोंबत असताना मला माझ्या सासूबाई भर रस्त्यात उकिडव्या बसलेल्या दिसल्या. शेजारी त्यांचे चुलत दीर जयरामकाका मोबाइलचा टॉर्च धरून उभे होते. आई पाना घेऊन पाण्याच्या पाइपचा जोड सैल करत होत्या.

आमच्या घरापासून शंभर पावलांवर भुईगावचा रस्ता उतारावर वळतो. एका अंगाला आमची वाडी, दुसऱ्या अंगाला बावखल. चार घरांचं मिळून हे एक तळं, त्यावर एकच मोटर आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. रविवारी सकाळी सहा ते आठ आमची. तेवढा वेळ पाइप रस्त्यावर आडवा असतो, गाड्या त्यावरून जातात. ज्याने मोटर लावली त्यानेच ती बंद करायची. दुसऱ्या कुणी बटणाला हात लावायचा नाही. सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसले तरी एवढं पाळतात.

गेल्या महिन्यात आमची पाळी मोडली ती स्केटिंगवाल्यांनी. महिन्यातून एका रविवारी ते नालासोपाऱ्याहून, म्हणजे माझ्या माहेराहून, निघतात आणि भुईगावच्या किनाऱ्यापर्यंत येतात, पन्नास-साठ जणांची रांग. लाल टी-शर्टातले त्यांचे स्वयंसेवक हात पसरून गाड्या अडवतात. जयरामकाकांचा सोनचाफ्याचा टेम्पो त्यांनी पंधरा मिनिटं अडवून ठेवला. वर एकाने आमचा पाइप उचलून बाजूला फेकला. जोड निसटला आणि पाळीचं पाणी गटारात गेलं. आईंचा राग खोटा नव्हता, हे मी आजही म्हणते.

पण या महिन्यात त्या रांगेत पूर्वी असणार होती. आठ वर्षांची आमची एकुलती एक. तीन महिने शिकत होती. रविवारी ती डान्स क्लासला जाते असं मी आईंना सांगितलं होतं. खरं फक्त माझ्या नवऱ्याला, प्रणवला माहीत होतं आणि तो कंपनीत रात्रपाळीला होता.

सैल जोड बघताच मला सगळं कळलं. मोटर सुरू झाली की त्यातून पाण्याचं कारंजं उडणार. वळणावर भिंत असल्यामुळे ते आधी दिसणार नाही. उतारावरून चाकांवर येणारी पोरं थेट त्यात.

मी पूर्वीला मागे बसवलं आणि निघाले. मनाशी ठरवलं, वळणाच्या आधी तिला रांगेतून बाहेर काढायचं.

फक्त तिला.

लहान मुलं शेवटच्या तीन किलोमीटरला रांगेत मिसळतात. दोघादोघांच्या जोड्या, एकमेकांचा हात धरलेला. किनारा येईपर्यंत हात सुटला नाही पाहिजे, हा क्लिफर्डचा नियम. क्लिफर्ड त्यांचा म्होरक्या, पापडी गावचा. त्याने मूठ वर केली की मागचे सगळे मूठ वर करून थांबतात. पूर्वीच्या जोडीला रोशनी होती, नालासोपाऱ्याची, सात वर्षांची.

गावात शिरल्यापासून रस्ता आमच्यावर डाफरत होता. ओट्यावरून एकजण ओरडला, "ए चाकवाले, रस्ता काय बापाने आंदण दिलाय?" पुढे एकाने सुकी झावळी मुद्दाम रस्त्यात ओढली. एका बाइकवाल्याने पोरांना खेटून गाडी काढली आणि वळून हसला. मागून जयरामकाकांचा टेम्पो हॉर्नवर हात ठेवूनच येत होता. कुणी हात पसरायला गेला की टेम्पो आणखी एक हात पुढे सरके.

पालकांच्या गाड्या रांगेच्या मागे असायच्या. मी माझी स्कूटर पूर्वीच्या शेजारी घातली.

"पूर्वी, बाहेर ये. पोटात दुखतंय म्हणून सांग."

"कुणाच्या?"

"तुझ्या!"

"माझ्या नाही दुखत."

"हात सोड तिचा. मी सांगते ना!"

"नाही सोडता येत. क्लिफर्ड सर ओरडतात. रोशनी पडेल."

रोशनी माझ्याकडे बघत म्हणाली, "आंटी, मला ब्रेक नाही लागत अजून."

भिंत दिसायला लागली होती. मी पूर्वीच्या दंडाला धरून ओढलं, तशा दोघी हेलपाटल्या. एवढं होऊनही तिने हात सोडला नाही. मग मात्र मी स्कूटर दामटली आणि क्लिफर्डच्या समोर आडवी घातली.

"थांबव सगळ्यांना! वळणावर पाणी सोडलंय."

त्याची मूठ वर गेली. मागे एकेक मूठ वर होत गेली. रांग थांबली.

"कुणी सोडलंय?"

"आमच्या घरच्यांनी."

"ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"पहाटे. साडेपाचला."

मागून लाल टी-शर्टातली एक बाई आली. "अरे, ही स्वतःच्या पोरीला काढायला बघत होती. मी बघितलं ना! बाकीची पोरं मेली तरी चालली असती हिला."

पोरं ऐकत होती.

मागे वळायला जागा नव्हती, टेम्पोने रस्ता भरून टाकला होता. क्लिफर्डने सगळ्यांना स्केट्स काढायला लावल्या. मोज्यांवर चालत जायचं ठरलं. पण त्यासाठी ते कारंजं थांबायला हवं होतं. वळणावर पाणी माणसाच्या छातीएवढं उडत होतं आणि रस्ताभर लाल चिखल पसरला होता. आई मोटरच्या खोपटापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आई, पाच मिनिटं बंद करा."

"पाळी माझी आहे."

"लहान मुलं आहेत हो."

"गेल्या महिन्यात पाइप फेकताना लहान होती का? माझ्या वेलींना पाणी मिळालं नाही, तेव्हा कोण आलं होतं विचारायला? आणि तू कुठे चाललीस त्यांच्यातून? नालासोपाऱ्याचं पाणी, दाखवलंस ना शेवटी!"

"पूर्वी आहे त्यांच्यात."

त्यांचा चेहरा क्षणभर हलला. तेवढाच. "म्हणजे डान्स क्लास हा," त्या म्हणाल्या. "मग तिला एकटीला आण इकडून, वाडीतून. बाकीच्यांचं मला काय?"

तासाभरापूर्वी मीही हेच ठरवलं होतं. त्यांच्या तोंडून ते ऐकवेना. मी त्यांना ओलांडून खोपटात शिरले आणि बटण दाबलं. मोटर घरघरून बंद पडली. मी बटणाची डबी पंजाने झाकून उभी राहिले.

"हात काढ," आई म्हणाल्या.

"सगळे गेल्यावर."

"चार घरांत आजवर कुणी असं केलं नाही. माझ्या सुनेने करावं?"

त्यांनी माझं मनगट धरलं. वाडीत राबलेला हात, नखं रुतली. मी हलले नाही. बाहेर पोरं जोडीजोडीने जात होती. स्केट्स गळ्यात लटकवलेल्या आणि मोजे चिखलाने लाल झालेले. ओट्यावरचे लोक शिट्ट्या मारत होते. पूर्वी आणि रोशनी गेल्या. पूर्वीने खोपटाकडे बघितलं, आजीला बघितलं आणि मान खाली घातली.

शेवटचा स्वयंसेवक गेल्यावर मी हात काढला. आईंनी लगेच बटण दाबलं.

"बारा मिनिटं गेली," त्या म्हणाल्या. "ती आता माहेरून आण."

मी रस्त्यावर येईपर्यंत पाणी पुन्हा उडालं आणि मी कंबरेपर्यंत भिजले.

किनाऱ्यावर क्लिफर्ड माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही त्याने. "पूर्वीला पाठवा हवं तर. तुम्ही नका येऊ." लाल टी-शर्टवाली बाई रोशनीला माझ्यापासून लांब घेऊन बसली होती.

पूर्वी सुरूच्या झाडाखाली पाय पसरून बसली होती. मी तिचे मोजे काढायला वाकले.

"मम्मी, तुला माहीत होतं ना पाण्याचं?"

"हो."

"मग रोशनीला का नव्हतं काढायचं?"

मी एक मोजा पिळला. दुसरा पिळला. चिखल निघाला तरी पिळत राहिले.